ठेवलेलं आणि पडलेलं

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर दुपारी परसात पालथे पडलेले होते. मी घाटावरून नुकताच बदलून आलेला, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात वळकटी. माणसाला भोवळ आली असावी असं वाटून मी ट्रंक टाकली आणि "अहो, अहो" करत धावलो. पालथ्या माणसाने मान न वळवता हात वर केला.

"हायत तिथंच थांबा. पाय टेकू नका."

माझा एक पाय हवेत होता. तो तसाच धरून मी उभा राहिलो. पाच-सात मिनिटांनी ते उठले, हातातली स्वेटर विणायची सुई पंच्याला पुसली आणि मातीतून काढलेली गंजकी चूक, बारीक खिळाच तो, माझ्यापुढे धरली.

"बैलाच्या नालाची. आता या. कोण तुमी?"

मी शाळेत इतिहास शिकवायला आलोय आणि खोली बघतोय, असं मी एका पायावरूनच सांगितलं. पाय खाली ठेवायची परवानगी त्यांनी दिलेली माझ्या लक्षात आली नव्हती. ही हकीगत त्यांनी पुढे वाडीतल्या प्रत्येकाला सांगितली, त्यामुळे 'एका पायाचे मास्तर' ही माझी पहिली ओळख झाली. शाळेत रुजू व्हायच्या आधी मी प्रसिद्ध झालो होतो.

ऐंशी सालानंतरची ती दोन-अडीच वर्षं मी त्या घरात राहिलो. भाट्याच्या खाडीपलीकडे, रत्नागिरीपासून चार-पाच मैलांवर ती वाडी. त्यांना सगळे हवालदार म्हणत, मीही तेच म्हणायला लागलो. फौजेत ते सुरुंग शोधणाऱ्या तुकडीत होते. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण फौजेची सवय अंगातून निघाली नव्हती. खुर्चीत बसण्याआधी ते खुर्चीखाली वाकून बघत. दार एकदम उघडत नसत. बोटभर उघडायचं, थांबायचं, मग पुढे. अंगणात त्यांच्या चालण्याच्या दोन ठरलेल्या वाटा होत्या आणि गवतातून सरळ जायची वेळ आली तरी ते वळसा घालून वाटेनंच जात. काकी म्हणजे त्यांची बायको. ती म्हणायची, "तीस वर्सां झाली लग्नाला, अजून तांदळाचा डबा उघडताना मागं सरतात. आत काय मी बॉम ठेवलाय?"

त्यांचं मशिन त्यांनी स्वतः बनवलं होतं. चाळणीची जाळी काढून तिच्या लाकडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, ते कडं बांबूच्या काठीला ठोकलेलं, वर सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलेला ट्रान्झिस्टर. चालू केलं की बारीक शिट्टी वाजायची आणि चाळणीखाली धातू आला की शिट्टीचा सूर चढायचा. मधूनच रेडिओ केंद्र घुसायचं. एकदा ते पडक्या धर्मशाळेमागे अत्यंत गंभीर चेहऱ्याने मशिन फिरवत असताना आतून एक बाई आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी फवारणी कशी करावी ते सांगत होती. हवालदारांनी मशिन बंद केलं नाही. "सांगूंदे. तुडतुडे आमच्याकडंय हायत," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

ज्यांना कोकणातली जमीन माहीत नाही त्यांच्यासाठी एक सांगायला हवं. तिथला जांभा दगड लोखंडाने भरलेला असतो. कातळावर असलं मशिन न्यायचं म्हणजे मांजरांच्या गल्लीत मासळीची टोपली न्यायची. ते सतत ओरडत राहतं. मी स्वतः ते फिरवलं तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत मला, माझ्या हिशेबाने, निदान चार खजिने सापडले. हवालदार मात्र मान तिरकी करून ऐकत राहायचे. जांभ्याचं रडणं वेगळं, लोखंडाचं वेगळं, तांब्याचं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. मला तिन्ही रडणी सारखीच ऐकू यायची.

"तुमाला घाई हाय म्हणून सारखी वाटतात," ते म्हणायचे. "जमिनीला घाई नाय."

सापडलेली वस्तू काढायची त्यांची रीत एकच होती, मग तो खिळा असो की सोन्याचा मणी. भोवतालच्या सगळ्यांना वीस पावलं मागे सारायचं. पोटावर पडायचं. विणायची सुई तिरकी धरून हळूहळू मातीत सारायची, टोकाला लागलं की थांबायचं, बाजूने माती बोटांनी सोडवायची. वाडीतले एक वयस्क गृहस्थ शेतात भाताची लावणी बघायला गेले असताना त्यांना जोराची शिंक आली आणि त्यांची कवळी चिखलात गेली. कवळीला तार होती, म्हणून हवालदारांना बोलावणं आलं. चिखलात पोटावर पडून हे सुई खुपसताहेत, वीस पावलांवर मालक उभे, आणि दात नसल्यामुळे त्यांचा एकही शब्द कुणाला कळत नाही. ते बहुधा "लवकर, लवकर" म्हणत असावेत. हवालदार मान वर न करता म्हणाले, "घाबरू नका, फुटणार नाय." पाऊण तासाने कवळी निघाली. तोपर्यंत सगळी लावणी थांबून बांधावर बसली होती.

सापडलेल्याची नोंद ते एका लांबट वहीत करत. वहीत प्रत्येक वस्तूपुढे दोनपैकी एक शब्द असायचा : पडलेला, किंवा ठेवलेला. चूक, किल्ली, जोडवं, कोयतीचं टोक, बैलाच्या गळ्यातली घाट, हे सगळं पडलेलं. पडलेलं उचलायचं आणि ज्याचं असेल त्याला नेऊन द्यायचं. एका किल्लीसाठी ते तीन वाड्या हिंडले होते आणि प्रत्येक घरातल्या प्रत्येक कुलपाला ती लावून पाहिली होती. ठेवलेल्याला मात्र हात लावायचा नाही. नोंद करायची आणि होतं तसं झाकायचं.

"कळतं कसं पण, पडलेलं की ठेवलेलं?" मी विचारलं.

"पडलेला कसाही पडतो. ठेवलेला सरळ असतो. वर दगड असतो, खाली कायतरी असता." मग म्हणाले, "मास्तर, ठेवलेल्याच्या मागं माणूस असतो. त्यानं ता कशासाठी ठेवलाय, ह्या कळल्याबिगर हात लावला की संपला."

काकीने नंतर मला सांगितलं की त्यांच्या फौजेतल्या जोडीदाराने एकदा तसा हात लावला होता. त्यापुढचं तिलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मला नीट ठाऊक होतं. मी ऐकलं नव्हतं, समजलं नव्हतं, अशी कुठलीही सबब मला नाही. फक्त त्या काळात मला मोठा माणूस व्हायचं होतं. मी मिशा वाढवल्या होत्या. 'कोकणच्या इतिहासातील काही अज्ञात दुवे' असं शीर्षक एका कोऱ्या फुलस्केपवर सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं आणि त्याखाली दीड वर्षात एक ओळही पडली नव्हती, कारण दुवे खरोखरच अज्ञात होते. माझ्या घरमालकाकडे जमिनीच्या पोटात बघणारं मशिन आहे आणि हा भला माणूस त्याने कवळ्या शोधतो, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

आमच्या घराला लागून आत्येचं घर. आत्ये म्हणजे साठी उलटलेली विधवा बाई. मुलगा मुंबईला, ही एकटी. तिच्या पलीकडे तिच्या नवऱ्याचे चुलत भाऊ, बापू. दोघांच्या आज्या-पणज्यांनी घरातल्या घरात वाटणी केलेली, कागदावर काही नाही. आत्येचा नवरा वारल्यावर दोन वर्षांनी बापूंनी जांभ्याचे दगड रचून नवा गडगा घातला आणि तो आपल्या बाजूने घालायचा तो आत्येच्या बाजूने दहा-बारा हात सरकवून घातला. विहिरीची वाट आणि एक बरका फणस पलीकडे गेला. तेव्हापासून आत्ये डोक्यावर एक आणि कमरेवर एक कळशी घेऊन रस्त्यावरून लांबचा फेरा घालायची. पहिल्या वर्षी तिने मला त्याच फणसाची सांदणं खाऊ घातली होती. दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, "औंदा सांदणां नायत हां मास्तर, फणस बापूच्यात गेला." जणू फणस स्वतःहून उठून गेला होता. तिने जमिनीच्या सरकारी मोजणीचा अर्ज केला होता आणि ती मे महिन्याची वाट बघत होती.

त्या फाल्गुनात बापू कुठल्या तरी लग्नाला चिपळूणला गेलेले असताना हवालदार मशिन घेऊन गडग्याच्या पलीकडे उतरलेले मी खिडकीतून पाहिले. ते बराच वेळ फिरले. मग पोटावर पडले. सुई तीन-चार वेळा आत गेली. एकदा त्यांनी सुईचं टोक नाकाशी नेऊन हुंगलं, पंच्याला पुसलं, सगळीकडे नीट पाला पसरला आणि घरी आले ते चक्क गुणगुणत. वही काढून लिहायला बसले.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"ठेवलेला."

"पण काय?"

"ठेवलेला म्हटला ना."

त्यांनी वही बंद केली. आणि माझ्या डोक्यात कोऱ्या फुलस्केपवरचं शीर्षक उजळलं.

पुढच्याच महिन्यात हवालदार डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला लेकीकडे गेले. काकीही गेली. जाताना मला एवढंच सांगितलं, "मशिनातले सेल काढून ठेवा, पाझरतात." मी त्याच दिवशी इमानदारीने काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी परत घातले.

बापू बाजाराला गेलेले पाहून मी गडगा ओलांडला. मशिन चालू केलं, ते लगेच ओरडलं, दोन पावलं पुढे गेलो, तिथंही ओरडलं. शेवटी मी मशिन ठेवून दिलं आणि हवालदार पालथे पडले होते ती जागा नुसत्या डोळ्यांनी शोधली. सुईबिई आणली नव्हती. कुदळ आणली होती. दीड हातावर एक चपटा जांभा लागला. तो उपटला. खाली पालथी घातलेली मातीची खापरी, ती कुदळीने फुटली. तिच्याखाली पाच तांब्याची नाणी, चार बाजूंना चार आणि मध्ये एक. आणि खाली पसाभर कोळसे. नाणी मी रुमालात घेतली. कोळसे आणि खापऱ्या म्हणजे कचरा. तो मी जोरात भिरकावून दिला आणि खड्डा पायाने लोटून बुजवला. शिवराया होत्या त्या, मराठेशाहीतल्या, अगदी अस्सल.

घरी येऊन मी त्या चिंच-मिठाने घासल्या. इतिहासाच्या मास्तराने दोनशे वर्षांची नाणी तांब्या-पितळेच्या भांड्यासारखी लख्ख घासली, हे वाक्य लिहिताना आजही माझे कान गरम होतात. पण तेव्हा मी ती निरांजनासारखी चकाकायला लागेपर्यंत थांबलो नाही.

आता ती सापडली कुठे म्हणून सांगायची? 'बापूंच्या आवारात फणसाजवळ' हे इतिहासाला शोभत नव्हतं, शिवाय चोरी होती. मी गावातल्या साप्ताहिकात लेख दिला. त्यात म्हटलं की, किल्ल्याच्या पायथ्याशी, रणरणत्या उन्हात, अथक परिश्रमांती प्रस्तुत लेखकास ही नाणी गवसली. हेडमास्तरांनी लेखाचं कात्रण फ्रेम करून शाळेत लावलं आणि खाली काचेच्या पेटीत नाणी ठेवली. मी दिवसातून चार वेळा काहीतरी निमित्त काढून त्या पेटीवरून जायचो.

हवालदार परत आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. मी त्यांना मोठ्या अभिमानाने शाळेत नेलं. किल्ल्याची थाप त्यांनाही मारावी असा माझा बेत होता, इतका मी वाहवलो होतो. त्यांनी एका डोळ्याने नाण्यांकडे पाहिलं, मग कात्रणाकडे, मग माझ्याकडे.

"चिंचेनं घासलात?"

"हो. मीठही लावलं."

मग अगदी हळू म्हणाले, "कोळसे कुठं टाकलात?"

मला वाटलं होतं ते रागावतील, ओरडतील. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. घरी येताना वाटेतच त्यांनी सांगितलं. त्या भागात जुने लोक घरातल्या घरात वाटणी करताना हद्दीवर दगडाखाली कोळसे आणि नाणी पुरून ठेवत. दगड कुणीही हलवतो, गडगा कुणीही सरकवतो. कोळसा कुजत नाही. सुईचं टोक काळं आलं तेव्हाच त्यांना कळलं होतं की ही आत्येची हद्द आहे. तिचं दुसरं टोक विहिरीचा कोपरा, त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. बापूंना सुगावा लागू नये म्हणून त्यांनी आत्येलाही सांगितलं नव्हतं. मोजणीच्या दिवशी सगळ्यांसमोर दगड उचलायचा, एवढाच बेत होता.

"दगडाखाली कसा मांडलेला, ता मी बघितला नव्हता," ते म्हणाले. "उचलायचाच नव्हता ना तोवर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वेळी समोरून आत्ये दोन कळश्या घेऊन फेरा घालून येत होती. मला बघून ती थांबली आणि म्हणाली, "मास्तर, तुमचा नाव छापून आला म्हणे! बरा झाला हो." मी मान खाली घालून तिच्या पायांकडे बघत राहिलो.

कोळसे बापूंच्या डोळ्यांदेखत वेचायला जाणं शक्य नव्हतं. हवालदारांनी मोजणी होईपर्यंत मला एकच काम दिलं : गप्प राहायचं. ते मी त्या सबंध वर्षात पहिल्यांदाच नीट केलं.

मोजणीच्या दिवशी सकाळी साखळी घेऊन साहेब आले. वाडी जमली. हेडमास्तरही आले, ते बापूंचे साडू. आत्ये एका बाजूला पदर घट्ट लपेटून उभी होती. हवालदारांनी पुढे होऊन जागा दाखवली आणि इथे हद्दीची खूण होती, ती आमच्या भाडेकरूने काढली, असं सरळ सांगितलं. खड्डा उकरला तर भुसभुशीत माती निघाली, तिच्यात कोळशाचे चार कण दिसले.

"कोळसो काय, माझ्या बापसानं हितं पालो भाजलान असेल," बापू म्हणाले. मग खिशातून त्यांनी घडी घातलेलं साप्ताहिक काढलं. माझा लेख. ते बोट फिरवत, एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचू लागले. "किल्ल्याच्या... पायथ्याशी... रणरणत्या... उन्हात..." माझी भाषा इतकी भिकार आहे हे मला त्या दिवशी कळलं. "अथक परिश्रमांती" ला कुणीतरी हसलं. वाचून झाल्यावर बापूंनी कागद नीट घडी केला.

"मास्तर, तुमीच सांगा. ह्या छापलाय ता खोटा, का हवालदार सांगतायत ता खोटा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यातल्या निम्म्यांची मुलं माझ्या वर्गात होती. हेडमास्तरांची नजर फ्रेमकडे असावी तशी माझ्या डोक्यावरून कुठेतरी लागलेली होती. हवालदार माझ्याकडे बघतच नव्हते, ते जमिनीकडे बघत होते. मी आत्येकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती, आणि ती मी घातली होती.

"छापलंय ते खोटं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. किल्ल्यावर मी गेलोच नव्हतो, नाणी इथून कुदळीने काढली, चोरून काढली, सगळं.

"छापलेला खोटा, तर बोललेला खरा कशावरून?" बापूंनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता.

तेव्हा वाडीचे एक म्हातारे मानकरी काठी टेकत पुढे आले. त्यांनी मला विचारलं, "दगडाखाली काय होता?"

"खापरी."

"उताणी की पालथी?"

"पालथी."

"आणि नाणी? ढीग होता?"

"नाही. चार बाजूंना चार. मध्ये एक."

म्हातारा वळला आणि बापूंकडे बघत राहिला. बापूंनी मान दुसरीकडे वळवली.

"चार भावांची चार, मधला देवाचा," म्हातारा म्हणाला. "बापू, तुझ्या बापसानं तुला सांगितलान नाय? मना सांगितला होता. ह्या घाटावरच्या माणसाला ह्या कुठून ठाव? कोळसो कचरा म्हणून टाकणारो हा. ह्याला खोटा बोलायचा असता तर ह्यानं हंडाभर मोहरा सांगितल्या असत्या."

लोक हसले. माझ्या आयुष्यातली ही एकमेव साक्ष आणि ती माझ्या अडाणीपणावर टिकली. दीड वर्ष मी ज्या कोकणच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मिरवत होतो, त्यातलं मला काहीही कळत नाही, हे त्या दिवशी सगळ्या वाडीसमोर सिद्ध झालं आणि त्यामुळेच आत्येची वाट सुटली.

साहेबांनी मला खड्ड्यात उभं केलं, माझ्या हातात लाल-पांढरी काठी दिली आणि विहिरीच्या कोपऱ्यापासून माझ्यापर्यंत साखळी ओढली. तासभर मी हद्दीचा दगड होऊन उन्हात उभा होतो. हे ऊन मात्र खरोखरच रणरणतं होतं.

बापू गडग्याशी गेले आणि वरचा पहिला दगड त्यांनी स्वतः खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, या हात लावायला. काढायची सवय हाय ना तुमाला?" दिवस मावळेपर्यंत मी जांभ्याचे दगड वाहत होतो. तळहाताची सालं निघाली. मध्यान्हीला पाणी प्यायला आत्येने तांब्या पुढे केला तो सरळ वाटेने आणलेल्या कळशीतला.

नाणी परत ठेवायची होती. हवालदारांनी काकीच्या चुलीतले नवे कोळसे आणले, नवी खापरी आणली आणि मला पोटावर पडायला लावलं. चार बाजूंना चार, मध्ये एक. चकाकत होती ती अजून. मी ओशाळून त्यांच्याकडे बघितलं.

"शंभर वर्सांत होतील काळी," ते म्हणाले. "जमिनीला घाई नाय."

साप्ताहिकाला मी खुलासा पाठवला. तो त्यांनी एस.टी.च्या वेळापत्रकाखाली छापला. शाळेतली फ्रेम गेली, तिचा खिळा भिंतीवर बरेच दिवस होता. मिशा मी काढून टाकल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये माझी बदली झाली आणि निघताना आत्येने केळीच्या पानात बांधून सांदणं दिली, ती मी गाडीत शेजाऱ्याला न विचारता एकट्याने संपवली.

हवालदार गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी नाशकाकडे होतो. दोन महिन्यांनी जायला जमलं. मशिन खुंटीला टांगलेलं होतं, सेल काढलेले होते. काकी बरीच वाळली होती. तिने चहा दिला आणि फळीवरची ती लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली. "बघा हवी तर न्या. मना काय कळतंय त्यातला?"

मी फाल्गुनातलं ते पान काढलं. 'बापूचे आवार, फणसाच्या पूर्वेस. तांबे. दगडाखाली. कोळसा. ठेवलेला. हात लावू नये.' त्याखाली दुसऱ्या शाईत, ऑपरेशननंतरच्या जरा वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : 'मास्तराने काढला. परत ठेवला. पुढेमागे वाद झाल्यास साक्षीला मास्तरास बोलवावे. थोडा उशिरा बोलतो, पण खरे बोलतो.'

त्यानंतर मला एक-दोन सत्कार, एक शाल आणि एक सन्मानपत्र मिळालं. ती कुठल्याशा कपाटात आहेत. त्या पानावर मात्र मी किती वेळ बसून राहिलो ते काकीलाच माहीत. तिने एकदा येऊन चहा निवल्याचं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघून परत गेली.

खिडकीतून विहिरीची वाट दिसत होती. आत्येची सून कळशी घेऊन त्या वाटेने सरळ चालली होती.

"नेताव ना वही?" काकीने विचारलं.

"नको," मी म्हणालो. मी वही मिटली आणि फळीवर होती त्या जागी, होती तशीच ठेवून दिली.